तो धडा अजून व्हायचाय

आमच्या गल्लीत कुणाला काय आजार आहे, हे त्याचा कोणता धडा चालू आहे त्यावर ठरायचं. पचनाचा चालू असला की सगळ्यांना पित्त. श्वसनाचा चालू असला की सगळ्यांना दमा. एकदा तो वनस्पतींवर होता, तेव्हा सगळी गल्ली ठणठणीत होती.

हा माणूस माझा भाडेकरू. एका खाजगी दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होता. नाव सांगत नाही. तो अजून नोकरी करून खातो आणि त्याला आपल्या नावाची फार काळजी. गल्ली त्याला ‘धडा’ म्हणायची. “धडा आला का ड्युटीवरून?” “धड्याला दाखव, तो सांगंल.” त्याला राग यायचा नाही. रागवायला सवड लागते, ती त्याच्याकडे नव्हती.

लातुरात क्लासच्या भागात माझ्या तीन खोल्या आहेत. जळकोट, नायगाव, कंधार, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येतात. आईबाप गादी आणि कुकर ठेवून जातात, आणि दर आठवड्याला येऊन पाणी गरम येत नाही म्हणून माझ्याशी भांडतात. हा आला तो एकटा, ड्रायव्हरच्या पांढऱ्या ड्रेसवर, काखेत पिशवी. टाळू उघडी पडायला लागलेली.

“खोल्या फक्त शिकणाऱ्या पोरांला देते मी,” मी दारातूनच सांगितलं.

“म्या बी शिकूलालो की, आक्का.”

“कितवीला?”

“अकरावीला.”

मी त्याच्या टाळूकडे पाहिलं. “कितव्यांदा?”

“सायन्सची पहिल्यांदाच. आर्ट्सची बारावी झालीया माझी, पन ती चालत न्हाई म्हन्तेत.”

कुठं चालत नाही ते त्यानं उंबऱ्यात उभं राहूनच समजावून सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये मागं पेशंटजवळ बसून वाटेत उपचार करतो त्याला पॅरामेडिक म्हणतात. ह्याला ते व्हायचं होतं. त्या कोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन बारावी व्हावी लागते, आणि ह्यानं घेतला होता इतिहास. “पानपतात कोन हारलं ते येतंय मला,” तो म्हणाला, “पन त्यानं कुनाचं रगत थांबत न्हाई.”

“ड्रायव्हर हाईस, बरा हाईस की. काहून हा उद्योग?”

“आक्का, गाडी म्या चालवतो. मागं कोन असतंय? पेशंट आन् त्याचा साडू. साडू रडत असतोय. म्या आरशात बघत असतोय. आरशात बघून काय करू?”

मी खोली दिली. आरशामुळं नाही. ह्याचे आईबाप पाण्यासाठी भांडायला येणार नव्हते म्हणून.

बाहेरून परीक्षा देता येते अशा शाळेत त्यानं नाव घातलं होतं. पुस्तकं घरी वाचायची, प्रॅक्टिकलला मात्र कॉलेजात हजर राहावंच लागतं. आता ॲम्ब्युलन्सची ड्युटी म्हणजे आज सकाळची, उद्या रात्रीची, आणि मध्येच फोन आला की दोन्ही. त्यात अभ्यास बसवायचा म्हणून ह्यानं एक युक्ती काढली. धडे स्वतःच्या आवाजात मोठ्यानं वाचायचे, ते पेनड्राइव्हवर घालायचे आणि गाडीत लावायचे. गाडी रिकामी असताना ठीक होतं. पण हा गाडी भरलेली असतानाही लावायचा.

एकदा जळकोटकडं एक मयत पोचवायला गेला आणि वाटेत श्वसनाचा धडा लावला. ‘जिवंत प्राण्यास सतत प्राणवायूची गरज असते,’ असं स्पीकरवर चाललेलं आणि मागं मयताचा भाऊ बसलेला. त्यानं विनवलं, बाबा, बंद कर. ह्यानं आवाज कमी केला, बंद केला नाही. हे मला त्यानं स्वतः सांगितलं, जेवता जेवता.

“तुला लाज न्हाई का रे?” मी म्हटलं.

“मयताला काय तरास हाय, आक्का? माजी उजळनी व्हती.”

“आन् भावाला?”

त्यानं घास हातात धरून विचार केला. “भावाचं चुकलं माझं,” म्हणाला. “तेवढं ध्यानातच आलं न्हाई.” आणि घास खाल्ला.

एका क्लासवाल्यानं त्याला मागच्या बाकावर बसू दिलं. सोळा वर्षांच्या पोरापोरींत हा पांढऱ्या ड्रेसवर बसायचा. पोरं विचारायची, “काका, आज गाडी कुठं लावली? आम्हाला चक्कर आली तर घरी सोडताल का?” हा म्हणायचा, “चक्कर खरी आली तर सोडतो. आधी उभं राहून दाखव.” तिथले सर पर्याय शिकवायचे, विषय नाही. ह्यानं एकदा हात वर करून विचारलं, “सर, हे आपल्या अंगात नेमकं कुठं असतंय?” सर म्हणाले, “कुठंही असू द्या हो, पर्याय क बरोबर आहे.” ते ऐकून घरी येऊन तो उदास बसला होता. मी म्हटलं, त्या सरांची शिकलेली पोरं डॉक्टर होऊन मला तपासणार आहेत, उदास मी व्हायला पाहिजे.

घरात त्याचा जाच निराळाच. भाकरी फुगली की, “हे सायन्समधी येतंय, आक्का. वाफ.” दूध उतू गेलं की, “हे बी सायन्समधी येतंय.” मी म्हटलं, तुझं सायन्स नव्हतं तेव्हापासून माझी भाकरी फुगते, आणि दूध उतू गेलं ते तू मध्ये बोललास म्हणून. कधी मला पुस्तक धरायला लावायचा आणि प्रश्न विचारा म्हणायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. मी प्रश्न वाचून संपवेपर्यंत तो उत्तर विसरायचा.

एक गोष्ट मात्र त्याची मानावी लागेल, आणि गल्लीला तीच सगळ्यात हास्यास्पद वाटायची. जेवढा धडा झाला तेवढंच तो बोलायचा. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी विचारलं, का दुखतो रे?

“हाडांचा धडा अजून व्हायचाय, आक्का. दिवाळीच्या फुडं हाय.”

“तवर मी चालू का नको?”

“चाला. पन माझ्या भरवशावर नको.”

हे ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण त्याची गोम अशी, की जो धडा झालेला असायचा त्यात त्याला सगळंच दिसायचं. समोरच्या किराणा दुकानाच्या आप्पाचं तेच झालं.

आप्पा म्हणजे गल्लीचा मुखिया, स्वतःच नेमलेला. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, पुढ्यात पोट, पोटाच्या पुढं काटा. सकाळपासून दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उठाठेव करायची आणि तुरीच्या डाळीत खडे विकायचे. एक दिवस ह्याला हाक मारून म्हणाला, “धडा, छातीत जळजळूलालंय रे, जिना चढलं की. बघ बरं तुझ्या पुस्तकात.”

तेव्हा पचन नुकतंच संपलेलं. ह्यानं दुकानाच्या पायरीवर उभं राहून जठर, आम्ल, अन्ननलिका, सगळं सांगितलं. जेवल्यावर सोडा घ्या म्हणाला. आप्पा खूश झाला. असाच आजार त्याला पाहिजे होता, बसल्या जागी बरा होणारा. गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं, पोरगं हुशार आहे.

मग हृदयाचा धडा आला.

तो काही केल्या ह्याच्या डोक्यात शिरेना. कप्पे, झडपा, कुठून रक्त येतं, कुठं जातं. चित्रं काढून काढून कंटाळला. एका सकाळी मी दूध काढायला फ्रिज उघडला तर पातेल्याशेजारी स्टीलचा एक डबा. माझा नाही. उघडला.

माझ्या घरात आजपर्यंत अंडं फुटलेलं नाही. सासू होती तेव्हा कांदासुद्धा सोमवारी चिरत नसे. आणि त्या घरात, माझ्या दुधाला चिकटून, बोकडाचं अख्खं हृदय.

“आक्का, अभ्यासाचंय ते! खायचं न्हाई!” तो धावत आला.

“खायचं असतं तर समजलं असतं मला! माणूस भूक लागली की पाप करतंय. हे कशासाठी केलंस?”

“झडप बघायची व्हती.”

“गटारीची झडप बघ!”

त्याला डब्यासकट बाहेर काढला. फ्रिज त्याच्याकडून तीनदा धुऊन घेतला आणि ते दूध ओतून दिलं. तो दारापुढं लावलेल्या ॲम्ब्युलन्सपाशी गेला, बॉनेटवर पेपर अंथरला आणि ब्लेडनं ते हृदय कापत बसला. भोवती गल्लीतली पोरं, दोन मांजरं आणि त्याचा जोडीदार ड्रायव्हर, ज्याला सगळे मामू म्हणत. मामू दाढी खाजवत म्हणाला, “अरे डागदर, इसका कलेजा भी मिलता तो मैं घर कू लेके जातूं. क्यूं खराब कर रा?”

हा ऐकत नव्हता. तो एका बारीक नळीत काडी घालून बघत होता. बघता बघता थांबला. ब्लेड तिथंच टाकलं आणि रक्ताच्या हातानं तडक आप्पाच्या दुकानात गेला.

“आप्पा, माझं चुकलं. ते पित्त न्हाई. जिना चढल्यावर दुखतंय म्हणजे ते हृदयाचं असंल. ईसीजी काढून घ्या.”

दुकानात गिऱ्हाइकं होती. आप्पानं त्याच्या हाताकडं पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडं. “ऐकलं का? ह्याचा धडा बदलला की माझा आजार बदलतोय! फुडचा धडा कोन्ता रं? मूत्रपिंड? म्हंजी तेबी गेलं का माझं?”

लोक हसले. मीही हसले, दारात उभी होते. पण हा माणूस हसण्याला दाद देणारा नव्हता. रोज ड्युटीवर जाताना दुकानासमोर सायकल थांबवायचा. “आप्पा, ईसीजी काढली का?” येताना पुन्हा, “काढली का?” आप्पाला ओशाळवाणं होऊ लागलं. गिऱ्हाईक विचारायला लागलं, काय झालंय तुम्हाला. शेवटी आप्पानं त्याला दुकानाची पायरी बंद केली. मग हा रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा. हे काही महिने चाललं. मला भाडेकरू म्हणून त्याची लाज वाटायची.

तोवर त्याची दोन वर्षं बुडालेली होती. दोन्ही वेळा प्रॅक्टिकलच्या दिवशी. पहिल्यांदा खरोखरच अपघात होता, निघावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंना नांदेडला लग्नाला सोडायचं होतं आणि घरची मोटार गॅरेजला होती. सासूबाई ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटच्या जागी साडी सांभाळत बसून गेल्या, आणि ह्याचं वर्षही त्यांच्याबरोबर गेलं. तिसऱ्यांदा ह्यानं बंदोबस्त केला. मामूची ईदची ड्युटी ह्यानं केली, बकरीदचीही केली. बदल्यात प्रॅक्टिकलच्या दिवशी मामूनं ह्याची ड्युटी करायची. “काय बी झालं तरी?” “काय बी झालं तरी. जबान दिया ना.” ह्या खेपेला चुकलं तर तो शिक्षण सोडणार होता. तसं बोलला नव्हता, पण पुस्तकांना कव्हर घालायचं त्यानं बंद केलं होतं.

त्या सकाळी तो आंघोळ करून, पांढरा एप्रन घडी घालून हातावर टाकून निघाला. मी ताक प्यायला दिलं. तेवढ्यात समोरून आप्पाच्या बायकोची किंकाळी आली.

“धडा! आरं धडा, ये की रे लवकर!”

आप्पा साखरेच्या पोत्याला टेकून खाली बसला होता. अंगाला घाम, तोंड राखेसारखं, हात छातीवर. दोन मिनिटांत गल्ली गोळा झाली आणि सगळी एका आवाजात म्हणायला लागली, “गाडी काढ, गाडी काढ!”

हा आप्पापुढं बसला. नाडी धरली, डाव्या हातात कळ येते का विचारलं. खिशातून एक गोळी काढली. हृदयाच्या धड्यापासून ती तो आप्पासाठीच बाळगून होता, हे मला मागून कळलं. “ह्या गोळीचं वावडं न्हाई ना? चावा. गिळू नका, चावा.” मग मामूला फोन लावला. “आरूं, आरूं,” मामू तिकडून म्हणाला, आणि खरंच लगेच सायरन आला.

आप्पाला धरून गाडीत चढवलं. मामू पुढं बसला. मागं कोणी नाही. त्या गाडीत कधीच नसायचं. आप्पाच्या बायकोला तर दोघींनी धरून ठेवलं होतं.

“तू चालव! तू जोरात चालवतूस!” कोणीतरी ह्याला म्हणालं.

“मामू चालवतोय.”

“मग मागं बस तू!”

त्यानं हातावरच्या एप्रनकडं पाहिलं. मग गाडीत पाहिलं. मग माझ्याकडं.

“आक्का, तुमी बसा मागं.”

“मी?”

“हाव. आडवं होऊ देऊ नका, पाठ टेकून बसवा. पानी, चहा काय बी द्यायचं न्हाई. आन् बोलतं ठेवा.”

“काय बोलू त्याच्याशी?”

“रोज बोलता तेच.”

गल्ली पेटली. “आरं, मानूस मरूलालाय आन् तू पेपरला चाललास?” आप्पाचा पुतण्या अंगावर गेला. हा मागं सरला नाही.

“म्या बसलो तरी हेच करनार. बसवनार आन् बोलतं ठेवनार. ह्याच्या फुडचं मला येत न्हाई. ते शिकायलाच चाललोय.”

आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मी गाडीत चढले. गुडघा दुखत होता, पण त्याचा धडा अजून व्हायचाच होता. मामूनं चावी फिरवली आणि स्पीकर आपोआप सुरू झाला. आमच्या धड्याचा आवाज: ‘गांडुळाला हृदयाच्या चार जोड्या असतात.’

आप्पानं डोळे उघडले. “मला येकच हाय की गं, आक्का.”

“मामू, बंद कर ते!”

“बटन तुटेला है, अम्मा!”

मग मी बोलायला लागले. काय बोलावं सुचेना, म्हणून जे मनात होतं ते बोलले. तुरीच्या डाळीतल्या खड्यांपासून सुरुवात केली. माझा एक दात त्या डाळीत गेला ते सांगितलं. मग गुळाला लागलेल्या मुंग्या. मग माझ्या भिंतीला टेकून रचलेली पोती. आप्पा डोळे मिटायला लागला की मी दंड चिमटायची. “झोपतूस कुठं? उत्तर दे. खडे कोन घालतंय?”

“येतच... येतच खडे आसतेत त्यात, आक्का...”

“येतेत कुठून? झाडाला लागतेत का तुरीसंगं?”

“आक्का, पाया पडतो. मरू द्या मला.”

“मर, पन उत्तर देऊन मर!”

तिकडं स्पीकरवर गांडूळ संपून बेडूक लागला होता. दवाखाना येईपर्यंत आप्पानं खड्यांची कबुली दिली. पोत्यांची दिली नाही.

आप्पा वाचला. आत स्प्रिंग बसवली म्हणतात. गल्लीनं मात्र ‘धड्या’शी बोलणं टाकलं. “मरनाऱ्याला टाकून पेपर दिला त्यानं,” असं पायरीपायरीवर चाललं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या बोटावर औषधाचा पिवळा डाग होता. पायरीवर बसला आणि पहिलं विचारलं, “आप्पाची ईसीजी काढली का?”

“काढली. स्प्रिंग बशिवली.”

“वाटंत आडवं न्हाई ना होऊ दिलं?”

“न्हाई.”

“मग पेपराचं सांगतो,” तो म्हणाला. “थेंब थेंब टाकून रंग बदलायचा व्हता. येक थेंब जास्ती पडला. दोनदा करावं लागलं.” मी वाढलं. त्यानं चार भाकरी खाल्ल्या, म्हणून मी त्याला फारसा धीर दिला नाही.

लोक मला विचारायचे, तुम्ही कशा त्याच्या बाजूच्या? मी कुणाच्या बाजूची नाही. पण एवढी वर्षं ज्यांनी त्याच्या पुस्तकाला दात काढले, त्यांनाच त्या सकाळी तो पाहिजे होता, आणि तोही गाडी हाकायला. तो चांगला माणूस आहे असं मी म्हणत नाही. चांगला माणूस त्या दिवशी मागं बसला असता, आणि आजही आरशात बघत गाडी चालवत असता.

तो पास झाला. फिजिक्समध्ये जेमतेम. नांदेडला त्या कोर्सला लागला, उरलेल्या वेळात तिथंही कुणाची तरी गाडी चालवतो. माझी खोली सोडताना फ्रिज पुन्हा एकदा पुसून गेला, न सांगता. त्या खोलीत आता नायगावचं एक पोरगं आहे, आणि पाण्यासाठी भांडणारा त्याचा बाप.

मध्यंतरी पेढे घेऊन आला होता. नवा ड्रेस, खांद्याला पट्टी, टाळू पुरतीच उघडी पडलेली. मी गुडघा पुढं केला. त्यानं दाबून पाहिला आणि म्हणाला: झीज आहे, डॉक्टरला दाखवा, जिने कमी करा. इतकी वर्षं थांबून मला तेच सांगितलं जे मला आधीच ठाऊक होतं.

मग पेढे घेऊन आप्पाकडं गेला. आप्पाच्या बायकोनं तोंड फिरवलं, पण पेढा घेतला. आप्पा म्हणाला, “तू टाकून गेलास ते माफ केलं बग. पन आक्काच्या ताब्यात दिलास, ते मरेस्तवर माफ न्हाई.” मी दारातून सगळं ऐकत होते. आप्पानं पेढा तोंडात टाकला, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि आवाज बारीक केला.

“आलास तसं बघ की जरा. पंधरा दिवस झाले, पोट लई फुगूलालंय. आत कायतर हालल्यासारखं...”

ह्यानं लगेच पेढ्यांचा डबा खाली ठेवला, बाह्या सारल्या आणि मनगट धरायला हात पुढं केला. आप्पा एकदम सावध झाला.

“थांब. आधी सांग. सध्या कोन्ता धडा चालूय?”

“बाळंतपनाचा.”

आप्पानं पोटावरचे हात काढले आणि गिऱ्हाइकाची साखर जोखायला घेतली.